यंत्रे आली, फाइल मात्र बंदच

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की दिव्यांग विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि उपकरणे दिल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. त्या वाचून बरे वाटते. देणाऱ्यांनी मनापासून दिलेले असते आणि घेणाऱ्याला त्याची गरज असतेच. पण लॅपटॉप घरी आल्यावर विद्यार्थी त्यावर काय उघडतो, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या नोट्स तो उघडतो, आणि त्या नोट्स संगणकाला वाचता येत नाहीत. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात दिव्यांग विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी अडचण हीच आहे. ती सोडवायला नवी खरेदी फारशी लागत नाही. लागते ती प्राध्यापक, ग्रंथालय आणि परीक्षा विभाग यांच्या रोजच्या कामात थोडी शिस्त. म्हणून हे पत्र थोडे तपशिलात लिहीत आहे.

ज्याला दिसत नाही असा विद्यार्थी संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम. यातला एनव्हीडीए पूर्ण मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ साली तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध आहेत. एनव्हीडीएसोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठी वाचतो, आणि कन्नड, तेलुगूही वाचतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातून किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड घरातून आलेल्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे. आवाज यांत्रिक आहे, पहिले आठ-दहा दिवस कानाला खटकतो. पण वेग वाढवला तरी शब्द फुटत नाहीत, म्हणून सरावलेले विद्यार्थी तोच पसंत करतात. गोड आवाज हवा असेल तर एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू ही बटणे एकत्र दाबावीत. तिथे आरोही आणि मनोहर हे दोन मराठी आवाज आहेत. मात्र त्यांना इंटरनेट लागते.

साधन असे फुकट हाताशी आहे. मग अडते कुठे? अडते ते फॉन्टपाशी.

आपल्याकडे डीटीपीवाल्यांकडे, महाविद्यालयांच्या कार्यालयांत आणि अनेक प्राध्यापकांच्या संगणकांवर अजून कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट चालतात. या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलीच्या पोटात मराठी नसतेच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला तर फाइलीत साठतात ती ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे. ई या इंग्रजी अक्षरावर ‘म’चे चित्र चढवलेले, जे वर ‘र’चे, के वर कान्याचे, बीवर ‘ठ’चे, एचवर दुसऱ्या वेलांटीचे. डोळस माणूस चित्र पाहतो. स्क्रीन रीडर चित्राकडे बघत नाही, तो साठवलेली अक्षरे वाचतो. त्यामुळे राज्यशास्त्राच्या एका पानाऐवजी विद्यार्थ्याच्या कानावर इंग्रजी अक्षरांची खडखड पडते. यात स्क्रीन रीडरचा दोष नाही आणि विद्यार्थ्याचा तर नाहीच.

आपली फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखायला अर्धे मिनिट पुरते. पीडीएफ उघडा, कंट्रोल-एने सगळे निवडा, कंट्रोल-सीने कॉपी करा, नोटपॅड उघडून कंट्रोल-व्हीने चिकटवा. तिथे नीट मराठी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असणाऱ्या पद्धतीत आहे, तो वाचला जाईल. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला तर जुना फॉन्ट आहे. काहीच उमटले नाही तर ती पानाची नुसती छायाचित्रे आहेत. चौथाही एक प्रकार आहे आणि तो फसवा आहे. मराठी उमटते, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरे तुटतात, मध्येच चौकोन येतात. फाइल युनिकोडमध्ये टाइप केलेली असूनही पीडीएफ करताना अक्षरांच्या आकृत्या दिसतात त्या क्रमाने साठल्या की असे होते. त्यावर उपाय सोपा आहे. पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही द्यावी. विद्यार्थी ती बदलेल म्हणून देत नाही, असे काही जण म्हणतात. वर्गात नोट्स वाटायच्याच आहेत, तर त्याने स्वतःच्या प्रतीत बदल केला म्हणून कोणाचे काय बिघडणार?

जुन्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात, पण त्यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला म्हणजे प्रत्येक फॉन्टची अक्षरमांडणी वेगळी असते. कृतिदेवचा कन्व्हर्टर शिवाजीच्या फाइलीवर चालवला तर एका कचऱ्यातून दुसरा कचरा तयार होतो. म्हणून आधी वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवून वरच्या पट्टीत फॉन्टचे नेमके नाव बघावे. दुसरा घोळ मधल्या इंग्रजी शब्दांचा आणि आकड्यांचा. मराठी परिच्छेदात इंग्रजी संज्ञा आली असेल तर कन्व्हर्टर तिलाही कृतिदेव समजून मराठी करून टाकतो. वाणिज्य आणि विज्ञानाच्या नोट्समध्ये अशा संज्ञा ओळीओळीला असतात. तेव्हा रूपांतर झाल्यावर मूळ छापील प्रत शेजारी ठेवून एकदा वाचून काढणे टाळता येत नाही.

नवीन टायपिंग मात्र आजपासून युनिकोडमध्येच व्हावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा या भागात जाऊन मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, फोनेटिक कीबोर्डही जोडता येतो. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते. ज्यांचा हात वर्षानुवर्षे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसला आहे त्यांची अडचण समजू शकते. त्यांनी मांडणी तीच ठेवून युनिकोड उमटवणारा कीबोर्ड घालून घ्यावा. हाताची सवय मोडायची गरज नाही.

युनिकोड झाले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. शंभर पानांच्या फाइलीत चौथे प्रकरण शोधायला डोळस विद्यार्थी पाने भराभर सरकवतो. अंध विद्यार्थी शीर्षकांवरून उड्या मारत जातो. वर्डमध्ये एनव्हीडीएचे बटण (सहसा इन्सर्ट) आणि स्पेसबार दाबून ब्राउझ मोड सुरू केला की एच दाबताच पुढचे शीर्षक येते. पण त्यासाठी शीर्षक खरोखर शीर्षक असायला हवे. नुसते ठळक आणि मोठे केलेले अक्षर संगणकाच्या लेखी साधा मजकूरच असतो. ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबले की ते पहिल्या पातळीचे शीर्षक होते, २ दाबले की दुसऱ्या. टाइप करणाऱ्याला याला एक क्षण लागतो. पुढे पीडीएफ करताना ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नये. त्यात शीर्षके, तक्त्यांची रचना, चित्रांची वर्णने सगळे पुसले जाते. ‘सेव्ह अॅज’मधून पीडीएफ निवडावे आणि पर्यायांमध्ये सुलभतेसाठीच्या टॅगची खूण चालू ठेवावी. आकृती असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्टमध्ये दोन वाक्यांत लिहावे. ‘आलेख’ एवढाच शब्द लिहून भागत नाही. ‘आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर उत्पादन, रेषा तिसऱ्या वर्षी खाली येते’ असे लिहिले तर विद्यार्थ्याला त्यावर उत्तर लिहिता येते. तक्त्यात घरे एकमेकांत जोडू नयेत, नाहीतर कुठला आकडा कुठल्या रकान्यातला हे ऐकून कळत नाही. गणिताची सूत्रे चित्र म्हणून चिकटवू नयेत. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबून समीकरणाच्या चौकटीत लिहावीत. अशी सूत्रे मॅथकॅट या गणित वाचणाऱ्या जोडप्रोग्रॅमच्या साहाय्याने एनव्हीडीए अपूर्णांक, घात, मूळ अशी फोड करून वाचतो.

आता छापील पुस्तकांकडे येऊ. कितीतरी मराठी क्रमिक आणि संदर्भ पुस्तकांच्या युनिकोड प्रती मिळत नाहीत, म्हणून स्कॅन करून ओसीआर करणे, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणे भाग पडते. इथे घाई केली तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. स्कॅन ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये म्हणजे करड्या छटांत करावा. त्याखाली गेले की रफार आणि अनुस्वार गळतात. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात केले की बारीक काने तुटतात. पुस्तक उघडून दोन पाने एकदम ठेवली तर मधल्या शिवणीजवळ ओळी वाकतात, डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जाऊन चिकटते. एकेक पान घ्यावे, शिवणीकडची बाजू तळहाताने सपाट दाबावी. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर वेळ घालवू नये, मूळ पुस्तक मिळवावे. पेन्सिलीने ओळी अधोरेखित केलेल्या असतील तर आधी खोडून घ्याव्यात, कारण ती रेघ उकाराला चिकटते आणि ‘कुल’चे ‘कल’ होते. पाने मोबाइलवर काढून पाठवायची असतील तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नयेत, डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत. फोटो म्हणून पाठवल्यास आकार लहान होऊन अक्षरे फुटतात.

ओसीआरसाठी दोन मोफत मार्ग आहेत. गूगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून तिच्यावर राइट क्लिक करावे आणि गूगल डॉक्समध्ये उघडावी. फाइल २ एमबीपर्यंतची असावी असे गूगलच सांगते, तेव्हा पुस्तकाचे लहान तुकडे करावेत. इंटरनेटविना काम करायचे असेल तर टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम आहे, त्यात मराठीचा डेटा निवडून घालावा लागतो. दोन्हीतून निघणारा मजकूर कच्चाच समजावा. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांची अदलाबदल होते. ‘वर्ग’मधला रफार उडून ‘वग’ उरतो. सगळ्यांत घातक चूक आकड्यांची. मराठी १ आणि ९ मध्ये गफलत झाली तर इतिहासाच्या विद्यार्थ्याचे साल चुकते आणि चूक आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो, कारण तो तेवढाच मजकूर ऐकतो आहे. म्हणून तपासणाऱ्याने शब्द भराभर वाचले तरी चालेल, आकडे मात्र एकेक करून मूळ पानाशी ताडून बघावेत. दोन रकान्यांत छापलेली पाने आणि तक्ते हाताने नीट लावून घ्यावे लागतात.

हे काम कोणी करायचे? ग्रंथालयातल्या एका माणसावर टाकून चालणार नाही. ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या विद्यार्थ्यांना बागकाम आणि कार्यालयीन कामाबरोबर स्कॅनिंग आणि मुद्रितशोधनाचे तास द्यावेत. मराठी विभागाच्या मुलांसाठी हे शिक्षणही आहे. एकदा शुद्ध झालेली फाइल ग्रंथालयात जपून ठेवावी, पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

असे करणे कायद्यात बसते का, ही शंका ग्रंथपाल नेहमी काढतात. बसते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ५२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक तयार करून ना-नफा तत्त्वावर देण्याची मुभा मिळाली. दृष्टिबाधितांसाठी पुस्तके अशी सुलभ रूपात आणू देणाऱ्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश आहे. प्रत गरजू विद्यार्थ्यापुरती ठेवावी, सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकू नये, एवढे पथ्य पाळले की झाले. स्कॅन करण्याआधी ‘सुगम्य पुस्तकालय’ बघण्याची सवय मात्र लावून घ्यावी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या या ऑनलाइन ग्रंथालयात दृष्टिबाधितांबरोबरच ज्यांना हाताच्या अडचणीमुळे पुस्तक धरता येत नाही किंवा अध्ययन अक्षमतेमुळे छापील मजकूर वाचता येत नाही, त्यांनाही सभासद होता येते. कोणीतरी आधीच तयार केलेले पुस्तक दुसऱ्यांदा स्कॅन करण्यात कित्येक दिवस जातात.

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत वेगळीच तऱ्हा असते. प्रोग्रॅम घालायचा पासवर्ड एकाकडेच, आणि तो माणूस रजेवर. अशा वेळी एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवरून चालते. एनव्हीडीएच्या मेन्यूत टूल्समध्ये ती बनवण्याची सोय आहे. पण तिला मर्यादा आहेत. लॉगिनच्या पडद्यावर ती बोलत नाही आणि विंडोजने परवानगी विचारणारी चौकट उघडली की गप्प होते. विद्यार्थ्याला वाटते संगणक बंद पडला. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेत निदान दोन संगणकांवर एनव्हीडीए कायमचा बसवावा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबले की तो सुरू होतो. कुठे जुने विंडोज ७ असेल तर नवी आवृत्ती चालणार नाही, २०२३.३ ही तिथे चालणारी शेवटची मालिका. पुनः सुरू केल्यावर सगळे पुसून पूर्वीसारखे करणारे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत असेल, तर आधी ते उघडून आवाज, वेग, मराठी कीबोर्ड हे सगळे लावून साठवावे आणि मगच कुलूप घालावे. नाहीतर रोज सकाळी विद्यार्थ्याची पंधरा मिनिटे मांडामांडीत जातात. हेडफोन वायरचे घ्यावेत. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागे राहतो आणि टाइप करताना ती उशिराची हाक फार त्रास देते, शिवाय चार्जिंग ऐन वेळी संपते. कीबोर्ड पूर्ण आकाराचा, उजवीकडे आकड्यांचा गट असलेला हवा, कारण एनव्हीडीएच्या कितीतरी आज्ञा त्या गटावर आहेत. लहान लॅपटॉप असेल तर सेटिंगमध्ये लॅपटॉप मांडणी निवडावी.

अंधुक दिसणाऱ्या विद्यार्थ्यांची गरज याहून निराळी असते, पण त्यांनाही सरसकट अंध समजून स्क्रीन रीडर हाती दिला जातो. त्यांना आधी विंडोजचे बटण आणि अधिकचे चिन्ह दाबून भिंग दाखवावे. भिंगाचे एक गणित लक्षात ठेवायला हवे. २०० टक्के मोठे केले की एका वेळी पडद्याचा चौथाच भाग दिसतो, ४०० टक्क्यांना सोळावा. मग ओळीचा शेवट गाठेपर्यंत सुरुवात हरवते. म्हणून भिंग वाढवत नेण्याऐवजी मोठा मॉनिटर द्यावा, तो डोळ्यांजवळ ओढता येईल अशा हातावर बसवावा आणि रंगसंगती काळ्यावर पिवळी किंवा पांढरी करून बघावी. छापील प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत ए-४ कागद झेरॉक्सवर ए-३ करून देण्याची पद्धत आहे. त्यात आकार १४१ टक्के होतो, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम १७ होते, कडा फुटतात आणि तो कागद बाकावर मावत नाही. मूळ फाइल उघडून अक्षर २० पॉइंटचे करून ए-४ वरच छापले तर वाचायला कितीतरी सोपे जाते. किती पॉइंट हवे हे त्या विद्यार्थ्यालाच विचारावे.

परीक्षेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वर्षभराची मेहनत तिथे पणाला लागते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला होता. दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे, तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. दिवसात दोन पेपर असतील तर हा जादा वेळ मधल्या सुट्टीला खातो, याचा विचार वेळापत्रक लावतानाच व्हायला हवा. याच सूचनांमध्ये संगणकावर परीक्षा देण्याची सोय होती, आणि तो संगणक एक दिवस आधी तपासू द्यावा असे स्पष्ट म्हटले होते. स्वतःचा लॅपटॉप चालत नाही, पण स्वतःचा कीबोर्ड किंवा खास माउस चालतो. ही एक दिवस आधीची तपासणी आपल्या जिल्ह्यात कागदावर राहायची भीती आहे. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून एसटीने येणाऱ्या मुलाला केंद्र शहरात मिळाले, तर अर्ध्या तासाच्या तपासणीसाठी एक जादा फेरी पडते, सोबत कोणीतरी लागते ते वेगळे. तेव्हा अशा विद्यार्थ्याला शक्यतो त्याच्याच महाविद्यालयात केंद्र द्यावे आणि ज्या संगणकावर तो वर्षभर बसला तोच परीक्षेला ठेवावा.

तपासणीत काय बघायचे? एनव्हीडीए सुरू होतो का, मराठी आवाज लागलेला आहे का, टाइप केलेले अक्षर आणि शब्द बोलले जातात का, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्याच्या सवयीचा कीबोर्ड आहे का. हा शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी सुटतो. मोबाइलवर रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवण्याची सवय असलेला विद्यार्थी इनस्क्रिप्टसमोर बसला की त्याचा पेपर गेलाच समजा. इनस्क्रिप्ट शिकण्यासारखा नक्की आहे. त्यात टाइप करण्याचा क्रम उच्चाराचाच असतो. ‘चित्र’ लिहायला आधी च, मग वेलांटी, मग त, पाय मोडण्याची खूण, मग र. जुन्या टाइपरायटरवर वेलांटी आधी द्यावी लागते, ती अडचण इथे नाही. बोटांना चाचपून ओळखता येणारी एफ आणि जे ही दोन उंचवट्याची बटणे आहेत, त्यांपैकी एफवर पहिली वेलांटी आहे आणि जे वर र. तिथून बाकीची मांडणी हाताला सापडते. पण हे शिकवायचे पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे. रोज अर्धा तास सराव ठेवावा.

पेपरच्या दिवशी संगणक वेगळ्या खोलीत असावा, इंटरनेट काढलेले, शुद्धलेखन तपासणी आणि शब्द सुचवणे बंद. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये, प्रत्येक प्रश्न शीर्षक म्हणून, वेगळ्या फाइलीत. उत्तराची फाइल आधीच बनवून तिच्यावर बैठक क्रमांक घालून ठेवावा. विजेचा भरवसा उन्हाळ्यात कोणीच देऊ शकत नाही, आणि पारा चाळिशी ओलांडतो त्याच दिवसांत परीक्षा असतात. महाविद्यालयाचा पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप वापरावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर ठेवावा आणि त्याची बॅटरी आधी प्लग काढून खरोखर तपासावी. विद्यार्थ्याने प्रत्येक प्रश्नानंतर कंट्रोल-एस दाबावे. शेवटी उत्तरे १४ पॉइंटमध्ये तिथेच छापून, प्रत्येक पानावर त्याची आणि पर्यवेक्षकाची सही घेऊन लिफाफ्यात घालावीत, म्हणजे परीक्षकाला ती इतर उत्तरपत्रिकांसारखीच तपासता येतात. संगणक आला म्हणून लेखनिक नाकारू नये. साहित्य, समाजशास्त्र अशा विषयांत स्वतः टाइप करणे उत्तम, पण संख्याशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात आकृती आणि मांडणीसाठी लेखनिक लागतोच. काहींना ब्रेल हवे असते आणि ते मागणे रास्त आहे. निवड विद्यार्थ्याची. ज्यांचे प्रमाणपत्र ४० टक्क्यांखालचे आहे पण लिहिताना खरी अडचण येते, त्यांच्यासाठी १० ऑगस्ट २०२२ रोजी स्वतंत्र सूचना निघाल्या होत्या. कार्यालयाने ‘टक्के बसत नाहीत’ म्हणून परत पाठवण्याआधी सध्या लागू असलेल्या सूचना वाचाव्यात.

ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अँड्रॉइड फोनवरचे लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी बोलणे लगेच अक्षरांत उतरवते. फोन मागच्या बाकावर ठेवला तर तो पंख्याचा आवाज लिहायला जातो आणि वाक्ये गाळतो. फोन टेबलावर शिक्षकासमोर ठेवावा किंवा शिक्षकाने कॉलर माइक लावावा, आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. विशेषनामे आणि इंग्रजी संज्ञा त्यात चुकतात, म्हणून त्या फळ्यावर लिहाव्यात. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे त्यांना एवढ्याने पुरत नाही, दुभाषी लागतो. हाताची हालचाल मर्यादित असणाऱ्यांना शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज सुरू करता येतात, मग कंट्रोल-एस दोन बोटांनी एकदम दाबावे लागत नाही. हात थरथरत असेल तर फिल्टर कीज लावावे, एकच अक्षर चार वेळा उमटायचे थांबते. क्रोममध्ये गूगल डॉक्सवर कंट्रोल-शिफ्ट-एस दाबून मराठीत बोलून लिहिता येते, पण विरामचिन्हे हाताने घालावी लागतात, आणि परीक्षेत इंटरनेट नसल्याने तिथे हा मार्ग चालत नाही. सवय लावताना हे सांगून ठेवावे. व्हीलचेअर टेबलाखाली जायला किमान ७० सेंटीमीटर मोकळी उंची हवी. प्रयोगशाळेत सीपीयू आणि वायरींचा गुंता नेमका तिथेच असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत. कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक मजकूर सर्वांना वापरता येईल अशा रूपात असावा असे म्हटले आहे. मात्र मोफत पुस्तके आणि साधने देण्याची कलम १७ मधली तरतूद वयाच्या १८ वर्षांपर्यंतचीच आहे. म्हणजे मूल बारावी होऊन महाविद्यालयात येते आणि नेमका तेव्हाच तो आधार सुटतो. तिथून पुढे महाविद्यालय आणि विद्यापीठानेच हात द्यायचा आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे आहे, त्यामुळे हे काम इथे इतरांपेक्षा लवकर होऊ शकते. शुद्ध केलेल्या फाइलींचा एकच साठा केगावच्या ग्रंथालयात ठेवला तर बार्शीत तयार झालेले पुस्तक मंगळवेढ्याच्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी मिळेल. संकेतस्थळाची किंवा प्रवेशाच्या सॉफ्टवेअरची निविदा निघेल तेव्हा त्यात आयएस १७८०२ या, संकेतस्थळे आणि सॉफ्टवेअर दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीच्या भारतीय मानकाची अट घालावी. चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा, नाव न दिलेली बटणे, अर्ज भरता भरता संपणारी वेळ, हे सगळे त्या अटीखाली येते. परीक्षा अर्जातच ‘प्रश्नपत्रिका कोणत्या रूपात हवी’ हा रकाना असावा. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांपर्यंत ती माहिती महिनाभर आधी पोचली तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

एवढे होईपर्यंत एक काम कोणाच्याही परवानगीशिवाय या आठवड्यात करता येईल. महाविद्यालयाच्या ग्रुपवर वेळापत्रकाचा, सुट्टीचा, शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेचा फोटो टाकला जातो. तो टाकताना त्याखाली तोच मजकूर चार ओळींत टाइप करून टाकावा.

आपला विश्वासू,
एक संगणक प्रशिक्षक
सोलापूर